जगावरची संकटे आणि आपल्या फडातले पाचट



२०२२ सालच्या उन्हाळ्यात आम्ही ऊस नोंदीच्या कामासाठी एका गट कार्यालयात बसलो होतो. एक वयस्क सभासद खताच्या दुकानातून तडक तिथे आले आणि म्हणाले, "साहेब, लढाई लागली रशियात. मग आमचं पोटॅशचं पोतं का महागलं?" प्रश्न रास्त होता. घाईत आम्ही जे उत्तर दिले त्याने त्यांचे समाधान झाले नाही आणि आमचेही नाही. म्हणून आज जरा सविस्तर लिहीत आहोत.

जागतिक आर्थिक मंच ही संस्था २००६ सालापासून दरवर्षी जगापुढील धोक्यांचा अहवाल काढते. २०२५ च्या अहवालासाठी नऊशेहून अधिक जाणकारांची मते घेतली गेली. त्या वर्षाचा सर्वांत मोठा धोका त्यांनी देशादेशांतील सशस्त्र संघर्ष हा सांगितला आणि पुढील दहा वर्षांचा सर्वांत मोठा धोका हवामानाचा कहर हा सांगितला. वाचणाऱ्याला वाटेल, ही मोठ्या लोकांची चर्चा, आपला काय संबंध? पण ही संकटे उसाच्या मोळीसारखी एकत्र बांधलेली असतात. एक ओढले की सगळी हलतात.

प्रथम पोटॅशचे पाहू. जगातील पोटॅशचा फार मोठा वाटा कॅनडा, रशिया आणि बेलारूस या तीन देशांतून येतो. आपल्याला लागणारे म्युरेट ऑफ पोटॅश सगळे परदेशातून आणावे लागते. बेलारूसवर २०२१ मध्येच निर्बंध आले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध पेटले आणि जहाज, विमा, पैशाची देवघेव सगळेच अडले. हजार रुपयांच्या आसपास मिळणारे ५० किलोचे पोते १७०० रुपयांपर्यंत चढले. युरियाचा दर मात्र ४५ किलोला २६६ रुपये ५० पैसे असा बांधलेला राहिला. मग व्हायचे तेच झाले. पोटॅशला हात आखडला आणि युरिया सढळ पडला. पीक हिरवेगार दिसले, पण नत्र जादा झाले की ऊस लोळतो, कीड वाढते आणि उतारा घटतो. उसाचा दर उताऱ्यावर ठरतो आणि कारखान्याचा उतारा सर्व सभासदांचा मिळून एकच असतो. म्हणजे तिकडची लढाई शेवटी आपल्या सर्वांच्या बिलात उतरते.

दुसरे संकट आभाळाचे. २०२३ मध्ये पॅसिफिक महासागराचे पाणी तापले. यालाच एल निनो म्हणतात. त्या वर्षी देशातला ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. साखर कमी पडेल या धास्तीने ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास मनाई केली. काही दिवसांत ती थोडी सैल झाली आणि पुढील हंगामासाठी ऑगस्ट २०२४ मध्ये उठली. पण कर्ज काढून इथेनॉल प्रकल्प उभारलेल्या कारखान्यांचे त्या हंगामाचे गणित बिघडायचे ते बिघडलेच.

तिसरे संकट आपण स्वतःच ओढवून घेतो. उत्तर प्रदेशात को ०२३८ ही जात २००९ नंतर इतकी पसरली की राज्याचे ८० टक्क्यांहून अधिक ऊसक्षेत्र तिच्याखाली आले. उतारा उत्तम आणि टनेजही उत्तम. पण लाल कूज रोग तिच्यावर आला आणि फडच्या फड वाळले. हा रोग लागलेले कांडे उभे चिरले तर आत लाल रंग, मधे पांढरे आडवे पट्टे दिसतात आणि आंबूस वास येतो. आपल्याकडेही को ८६०३२ चेच राज्य आहे. यात दोष आमच्या खात्याचाही आहे. चांगली जात म्हणून तीच लावा, असे आम्हीच वर्षानुवर्षे सांगत आलो.

आता करायचे काय? लढाई थांबवणे किंवा समुद्र थंड करणे आपल्या हाती नाही. पण फडातले पाचट आपल्या हाती आहे. एका एकरात तीन ते चार टन पाचट निघते. त्यात साधारण २० ते २८ किलो पालाश असते, म्हणजे जवळजवळ एक पोते पोटॅश. सुरू उसाला एकरी शिफारस सुमारे दीड पोत्याची आहे, हे लक्षात घ्या. काडी लावून मोकळे झालो की नत्र आणि सेंद्रिय कर्ब हवेत जातो आणि राखेतले पालाश वाऱ्यापाण्याने जाते. पाचट सरीत दाबले तर ओल टिकते आणि पाण्याची एखादी पाळी लांबली तरी खोडवा तग धरतो.

तोडणी झाल्याबरोबर बुडखे जमिनीलगत छाटावेत. पाचट सरीत पसरून एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर फॉस्फेट आणि ४ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकावेत आणि पाणी द्यावे. माती परीक्षण करूनच खत घ्यावे. सगळे रान एकाच जातीखाली न घालता थोड्या क्षेत्रावर दुसरी शिफारस केलेली जात लावावी आणि बेणे निरोगी मळ्यातूनच आणावे.

त्या सभासदांनी यंदा पहिल्यांदाच खोडव्यातले पाचट पेटवले नाही. आम्ही बांधावर गेलो तेव्हा म्हणाले, "साहेब, पोतं दुकानात शोधत होतो, ते रानातच पडलं होतं." पाचट कुजविण्यासाठी ज्यांना मदत हवी त्यांनी तोडणीची तारीख कळताच आपल्या गटाच्या चिटबॉयकडे नाव द्यावे. आम्ही बांधावर येऊ.