मगरिबला बारा वाजत तेव्हा

मराठीत एखाद्या कामाचे बारा वाजले म्हणजे ते पार बिघडले. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इस्तंबूलमध्ये लोक बारा वाजण्याची आतुरतेने वाट पाहत. रमजानमध्ये तर विचारायलाच नको. कारण बारा वाजले की इफ्तार!

उस्मानी तुर्कांच्या राज्यात दिवस सूर्यास्ताला संपे आणि तिथूनच नवा सुरू होई. सूर्य मावळला की घड्याळात बारा, तासाभराने एक. अशा बारा-बारा तासांच्या दोन फेऱ्या. सूर्यास्ताची वेळ रोज थोडी सरकते, म्हणून काटेही पुन्हा पुन्हा जुळवावे लागत. मगरिब वर्षभर बारालाच. पण भर दुपार उन्हाळ्यात साडेचारच्या, तर हिवाळ्यात साडेसातच्या सुमारास येई.

मग हा हिशेब ठेवी कोण? मशिदीचा मुवक्कित. नमाजांच्या वेळा काढायच्या तर सूर्य-ताऱ्यांचे गणित यायलाच हवे. चौदाव्या शतकात दमास्कसच्या उमय्या मशिदीचे मुवक्कित इब्न शातिर हे त्या काळातले मोठे खगोलशास्त्रज्ञ होते. त्यांनी १३७१ च्या सुमारास मशिदीच्या मिनारासाठी संगमरवरी छायाघड्याळ तयार केले. इस्तंबूलच्या मोठ्या मशिदींना लागूनच मुवक्कितखाने असत. येणारे-जाणारे तिथल्या घड्याळावरून आपले खिशातले घड्याळ लावून घेत.

पुढे आगगाडी, आगबोट आणि तार आली. त्यांचा बराचसा कारभार युरोपच्या वेळेने चाले. काहींच्या खिशात दोन तबकड्यांची घड्याळे आली. एक तबकडी नमाजाच्या वेळेची, दुसरी गाडीच्या. शेवटी १ जानेवारी १९२६ पासून तुर्की प्रजासत्ताकाने मध्यरात्रीपासून मोजायची वेळ लागू केली आणि मगरिबचे बारा सरकारी दफ्तरातून गेले.

पण आपल्या घरांतून ते पूर्ण गेलेले नाहीत. वर्गात मुले आम्हाला विचारतात, "पहिला रोजा उद्या आहे, मग तरावीह आजच का?" उत्तर याच हिशेबात आहे. चंद्र दिसला, सूर्य मावळलेला आहे, म्हणजे रमजानची पहिली तारीख लागली. आधी तिची रात्र, मग तिचा दिवस. जुमेरातच्या मगरिबनंतरची रात्र आपण जुम्याची म्हणतो, तीही याच कारणाने.

आज वेळ मोबाईल सांगतो. सोय मोठी आहे, तिला नाव ठेवायचे कारण नाही. मात्र नमाजाची वेळ मुळात आभाळात असते, मोबाईल ती फक्त कळवतो, हे मुलांना ठाऊक असायला हवे. म्हणून एका संध्याकाळी त्यांना गच्चीवर न्या. सूर्य बुडताना दाखवा आणि विचारा, "आता चंद्राची कोणती तारीख लागली?" उत्तर बरोबर आले, तर इब्न शातिर यांच्या विद्येचा पहिला धडा त्यांना कळला म्हणायचा.