पोटाची कडी: जुन्या लाकडी आमिषांचे कारखाने ओळखताना

अमेरिकेतल्या जुन्या लाकडी आमिष-माशांच्या अंगावर बहुतेक वेळा कारखान्याचे नाव नसते. रंगावर विसंबावे, तर तो नव्याने चढवता येतो. शिवाय खपाऊ रंगसंगती शेजारचा कारखाना लगेच उचलायचा. म्हणून जाणकार संग्राहक मासा हातात आला की तो उलटा करून पोट पाहतात. गळ लाकडाला कशाने अडकवला आहे?

कारखानदारांनाही याच प्रश्नाने छळले होते. तीन टोकांचा गळ हेलकावत अंगावर आपटे, रंग खरवडे, शेजारच्या गळात गुंते. मोठ्या बास माशाने झटके दिले की साधा कडीचा स्क्रू सैल होई. प्रत्येकाने आपापला उपाय काढला, अनेकांनी त्याचे पेटंट घेतले आणि मग इतरांना निराळी वाट शोधावी लागली. आज ओळख पटते ती या चढाओढीमुळेच.

सर्वांत सुरेख क्रम लागतो तो मिशिगनमधल्या डोवाजॅक गावच्या जेम्स हेडन यांच्या कारखान्याचा. त्यांच्या सुरुवातीच्या आमिषांत कडीचा स्क्रू लाकडात रुतवलेल्या धातूच्या छोट्या वाटीत बसवलेला दिसतो. १९१०च्या दशकाच्या उत्तरार्धात स्क्रूच्या जागी इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखी वाकवलेली कडी आली, १९३०च्या दशकात दोन तुकड्यांची पत्र्याची बैठक आली आणि १९४०च्या दशकात वरून बसवलेली एकसंध पट्टी. त्यामुळे एकच नमुना दीर्घकाळ निघत राहिला असला तरी त्याचे दशक पोटावरून सांगता येते. मला हा सगळ्या शोधातला सर्वांत आनंदाचा भाग वाटतो.

अंगातून आरपार भोक आणि त्यातून दोन्ही बाजूंचे गळ धरणारी तार दिसली, तर आधी ओहायोतल्या अ‍ॅक्रनचा फ्लूगर किंवा कॅलमझूचा शेक्सपिअर हा कारखाना आठवावा. फ्लूगरने पुढे ‘नेव्हरफेल’ नावाची स्वतःची कडी आणली.

इंडियानातल्या गॅरेटच्या क्रीक चब कंपनीची ओळख तोंडाशी असते: पाण्यात मासा डुलवणाऱ्या पत्र्याच्या ओठावर नाव आणि ७ सप्टेंबर १९२० ही तारीख ठसवलेली. तारीख वाचून मात्र मासा १९२०चा ठरवू नये. ती पेटंटची तारीख आहे आणि ठसा पुढे कित्येक वर्षे चालू होता. ठशावरून एवढेच कळते की ओठ त्याआधीचा नाही.

कड्याही बदलल्या जातात. कारखाने स्वतःच उरलेले जुने भाग नव्या मालात वापरून संपवत, त्यामुळे दोन काळांच्या कड्या असलेला मासा खोटाच असतो असे नाही. संशय घ्यावा तो लाकडात बुजवलेल्या जादा भोकाचा आणि स्क्रूच्या खाचेतल्या रंगाचा. कारखान्यात साधारणपणे आधी लाकूड रंगवत, धातूचे भाग मागाहून बसवत. खाचेत रंग साचला असेल, तर तो बहुधा नंतरच्या कुणाच्या तरी ब्रशचा.