दहावीनंतर मुलीला कोणत्या शाखेला घालावे?

मंडळी, दहावीचा निकाल लागला की घराघरांतून एक प्रश्न निघतो. मुलाच्या बाबतीत तो असतो, 'आता पुढे काय करायचं?' मुलीच्या बाबतीत तो पुष्कळदा असतो, 'आता पुढे शिकवायचं का?' दोन्ही प्रश्न त्याच ओसरीवर निघतात, चहाही तोच असतो. पण पहिल्या प्रश्नात वाट धरलेली असते, दुसऱ्यात दार उघडायचे की नाही इथूनच सुरुवात असते. बरे, हे दार उघडले तरी लगेच तिसरा प्रश्न दत्त म्हणून उभा: विज्ञान की कला? हा कौल मात्र तिला न विचारताच लावला जातो. 'मुलीची जात, तिला कशाला हवा प्रयोगशाळेचा खटाटोप?' असे एक मामा म्हणतो, आणि 'कलाशाखा म्हणजे नापास होणाऱ्यांची' असे दुसरा. पोरगी दाराआड उभी राहून ऐकते.

या बाबतीत कोरडा उपदेश करण्यापेक्षा एक घर दाखवते. नारायणराव भागवत यांचे. नारायणराव रसायनशास्त्रातले. ते आणि त्यांचे बंधू माधवराव, दोघेही बंगळूरच्या टाटा विज्ञानसंस्थेत शिकलेले. या नारायणरावांच्या दोन मुली, थोरली दुर्गा आणि तिच्या पाठची कमला. एकाच ताटात जेवलेल्या या दोन बहिणींपैकी एक गेली प्रयोगशाळेत आणि दुसरी गेली लोककथांच्या मागे, रानावनात. मराठी वाचणाऱ्याला दुर्गाबाई भागवत हे नाव सांगावे लागत नाही. धाकटीचे, म्हणजे लग्नानंतरच्या कमला सोहोनी यांचे, मात्र सांगावे लागते.

कमलाबाई १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला पहिल्या आल्या. विषय मुख्यतः रसायन. वडील आणि काका जिथे शिकले त्याच बंगळूरच्या संस्थेत पुढचे शिक्षण घ्यायचे, हे त्यांनी ठरवूनच टाकले होते. संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर व्यंकट रामन, नोबेल पारितोषिक मिळवलेले, देशाला ललामभूत. त्यांनी अर्ज फेटाळला. गुण कमी म्हणून नव्हे. मुलगी म्हणून.

आता पाहा हं, इतका मोठा माणूस नाही म्हणाला तर आपल्यापैकी कितीजण मुलीला घेऊन परत आले असते? कमलाबाई परतल्या नाहीत. मला का घेत नाही याचे कारण सांगा, असे म्हणून त्यांनी रामन यांच्या कचेरीपुढे सत्याग्रह केला. ते दिवसच सत्याग्रहाचे होते. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष नुसती परीक्षा पाहण्याचे, तोवर पक्का प्रवेश नाही. मार्गदर्शक सांगतील त्या वेळी, रात्रीसुद्धा, काम करायचे. आणि संस्थेतले वातावरण बिघडवायचे नाही. शेवटची अट पुन्हा वाचा. इतर विद्यार्थ्यांचे लक्ष विचलित झाले तर त्याचा दोष तिच्या पदरात, ही त्यातली मेख. कमलाबाईंना हा अपमान पुढे आयुष्यभर बोचत राहिला आणि त्यांनी तो लपवलाही नाही. वर्षभर श्रीनिवासय्या या गुरूंच्या हाताखाली त्यांनी दुधातल्या आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केले. ते काम पाहून रामन यांची खात्री पटली आणि पुढे मुलींना त्या संस्थेचे दार उघडले. एका मुलीने धरणे धरले त्याचा लाभ तिच्या मागून येणाऱ्यांना झाला, तो असा.

१९३७ साली त्या विलायतेला केंब्रिजला गेल्या. तिथे त्यांनी काम केले ते बटाट्यावर. बटाट्यात काय मोठे शास्त्र, असे म्हणाल. जरा समजावून घेऊ. आपण श्वास घेतो, प्राणवायू रक्तातून अंगाच्या कानाकोपऱ्यात पोचतो. पण अन्नातली ऊर्जा मोकळी होते ती प्रत्येक पेशीच्या आत. चुलीतले लाकूड भडकते तसे पेशीला भडकून चालत नाही. तिला ऊर्जा टप्प्याटप्प्याने काढावी लागते. त्यासाठी अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन एकाने दुसऱ्याच्या हाती, दुसऱ्याने तिसऱ्याच्या हाती असे पुढे सरकतात. गंजीला आग लागली म्हणजे विहिरीपासून माणसांची रांग लागते आणि बादल्या हातोहात जातात ना, अगदी तसे. रांगेच्या शेवटी प्राणवायू उभा असतो. या रांगेतला एक गडी म्हणजे सायटोक्रोम सी नावाचे प्रथिन. त्याच्या पोटात लोहाचा अणू असतो. त्या लोहाच्या जोरावर तो इलेक्ट्रॉन घेतो आणि देतो. प्राण्यांच्या पेशीत हा गडी असतो हे ठाऊक होते. झाडाझुडपांतही तो आहे, हे कमलाबाईंनी दाखवले. म्हणजे श्वसनाची ही रीत बैलाची आणि बटाट्याची एकच. या कामावर १९३९ साली त्यांना केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता असे सांगतात. (जाडजूड प्रबंध लिहिणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.)

परत आल्यावर त्यांनी दिल्लीत, कुन्नूरला आणि मग मुंबईच्या विज्ञानसंस्थेत काम केले. त्या संस्थेच्या त्या पुढे संचालकही झाल्या. आपल्या कामाचे त्यांचे संशोधन या काळातले. कच्च्या कडधान्यात असे काही पदार्थ असतात की ते ट्रिप्सिन या पाचकरसाला अडवून धरतात, आणि मग डाळीतले प्रथिन नीट पचत नाही. शिजवले की हे अडथळे बहुतांशी मोडतात. कडधान्य भिजत घाल, चांगले मऊ शिजव, असे आजी सांगते त्यामागे हे कारण आहे. ताडामाडाच्या नीरेवरही त्यांनी काम केले. पहाटे काढलेल्या, न आंबलेल्या नीरेत जीवनसत्त्वे आणि लोह असते, गरिबाघरच्या अशक्त मुलांना आणि गरोदर बायांना ती उपयोगी पडते, हे त्यांनी तपासून दाखवले. त्या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले.

इथे एक सावधगिरीचा शब्द. 'बघा, स्वयंपाक हेच बाईचे रसायनशास्त्र' असा अर्थ यातून कुणी काढू नये. स्वयंपाकघरात विज्ञान आहेच. पण मुलीला चुलीपुढे बसवून ठेवायला ती सबब नव्हे. कमलाबाईंनी डाळ तपासली ती प्रयोगशाळेत, हातात परीक्षानळी घेऊन.

आता थोरल्या दुर्गाबाई. त्यांनी लोकसाहित्य आणि समाजशास्त्राची वाट धरली. आदिवासींच्या वस्त्यांतून हिंडल्या, कथा आणि चालीरीती गोळा केल्या. १९५६ साली त्यांचे 'ऋतुचक्र' निघाले. बारा महिन्यांतली झाडे, पाखरे, आभाळ यांवरचे हे पुस्तक वाचताना लक्षात येते की हे बारकाईने पाहणारे डोळे शास्त्रज्ञाच्या घरचे आहेत. कोणत्या महिन्यात कोणते झाड पालवते, पान कोवळे असताना कोणत्या रंगाचे असते, हे त्यांनी पाहून लिहिले, ऐकीव नव्हे. १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षस्थानावरून आणीबाणीविरुद्ध बोलण्याचे धैर्यही त्यांनीच दाखवले. कलाशाखा कच्च्यांची म्हणणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

म्हणून माझे म्हणणे असे की, 'विज्ञान मोठे की कला मोठी' हा वादच मुळात खोटा आहे. पाहण्याची, विचारण्याची सवय मुलीला लागली आहे का, आणि ती लागल्यावर तिला कुणी गप्प बसवले नाही ना, एवढे पाहावे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचा अभ्यास चालतो. तिथे इतिहास शिकलेलाही लागतो आणि जुन्या वस्तीत सापडलेला जळका दाणा गव्हाचा की जवाचा हे ओळखणारा वनस्पतिशास्त्रज्ञही लागतो. त्या दाण्याला आपली शाखा कोणती हे ठाऊक नसते.

आणखी एक बोलायचे आहे. ते ऐकायची आपल्याला सवय नाही, म्हणून सावकाश सांगते. आपल्या वर्गात एखादे मूल असे असते की ते मुलांच्या रांगेत रमत नाही आणि मुलींच्या रांगेतही बसत नाही. दाखल्यावर एक लिहिलेले असते, त्याच्या मनात दुसरेच असते, किंवा दोन्हींपैकी काहीच नसते. शहरात अशांना हल्ली नॉन-बायनरी म्हणतात. त्यातले काही पुढे स्वतःला तृतीयपंथी म्हणवतात, सगळे नव्हे. गावात अशा मुलाची नक्कल होते, टोपणनाव पडते, आणि आठवी-नववीत ते शाळेतून गळते. मग आपण म्हणतो, यांना शिक्षणाची आवडच नाही! २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना नागरिक म्हणून मान आणि शिक्षणाचा हक्क आहे असा निकाल दिला. पण निकाल दिल्लीत लागतो, टोपणनाव गावात पडते. ते थांबवणे बाईंच्या आणि गुरुजींच्याच हाती असते.

अशा मुलांत बुद्धी कमी नसते याचा पुरावा हवा असेल तर अमेरिकेतले मेंदूशास्त्रज्ञ बेन बॅरेस यांची हकिकत ऐका. त्यांची जन्मनोंद मुलगी म्हणून झाली आणि ते तसेच वाढले. एमआयटी या नामांकित संस्थेत शिकताना गणिताचे एक अवघड उदाहरण वर्गात त्यांना एकट्यालाच सुटले. शिक्षक म्हणाले, हे तुझ्या मित्राने सोडवून दिले असणार. पुढे १९९७ च्या सुमारास, चाळिशी ओलांडल्यावर, ते पुरुष म्हणून राहू लागले. त्यानंतर एका व्याख्यानाला आलेला कुणी म्हणाला की बॅरेस यांचे काम त्यांच्या बहिणीपेक्षा पुष्कळ सरस आहे. ही 'बहीण' म्हणजे तेच स्वतः! डोके तेच, काम तेच. पाहणाऱ्यांची नजर तेवढी बदलली. २०१७ साली ते वारले, तोवर मेंदूतल्या ग्लिया पेशींवरचे त्यांचे काम जगभर मान्य झाले होते. आणि कलेतले उदाहरण हवे तर दक्षिणेकडे पाहा. मदुराईकडच्या नर्तकी नटराज या तृतीयपंथी कलावतीने तंजावरच्या किट्टप्पा पिळ्ळै यांच्याकडे भरतनाट्यम् शिकले. ज्या चार भावांच्या घराण्यातले हे गुरू, ते भाऊ आपल्या भोसल्यांच्या तंजावर दरबारातले. नर्तकी नटराज यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली.

आता शाळेकडे वळू. शिक्षकबंधुभगिनींनो, एक गोष्ट उद्याच तपासून पाहा. विज्ञानाच्या तासाला चौघांचा गट करता ना? त्यात ब्युरेट कोण धरतो, स्पिरिटचा दिवा कोण पेटवतो, आणि प्रयोगवही कोण लिहिते? बहुधा दिवा मुलाच्या हाती आणि वही मुलीच्या. 'तिचे अक्षर चांगले आहे' हे कारण. अशाने दहावीपर्यंत तिचे अक्षर आणखी चांगले होते आणि तिच्या हाताला उपकरणाची भीती तशीच राहते. हजेरीपटाच्या क्रमाने पाळी लावली तर यात एक पैसा खर्च नाही. तीच गोष्ट चित्रकलेची, उलट बाजूने. मुलगा चांगले चित्र काढतो म्हटले की घरचे हसतात. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी रेखाकला परीक्षांना दोघांनाही बसवा. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय १८५७ पासून उभे आहे. त्याचे नाव गावातल्या पोरांच्या कानावरून एकदा तरी गेले पाहिजे.

पालकांसाठी दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी. अकरावीला विज्ञान घेताना मुलीला 'गणित जड जाते, सोडून दे' असा सल्ला सर्रास मिळतो. गणित सोडले की अभियांत्रिकी, भौतिकी, संख्याशास्त्र या वाटा बहुतेक बंद होतात. जीवशास्त्र सोडले की वैद्यक बंद होते. तेव्हा सोडण्याचा निर्णय तिच्याशी बोलून, तिची इच्छा पाहून करा. बारावी विज्ञानाची झाल्यावर पुढे कलेकडे वळता येते; उलटी वाट फार अवघड. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने या भिंती सैल करायचे म्हटले आहे खरे, पण प्रवेशाच्या खिडकीपाशी अजून विषयच पाहतात. डॉक्टर-इंजिनिअर एवढेच विज्ञान नव्हे, हेही सांगून ठेवते. राहुरी, अकोला, परभणी, दापोली येथे कृषी विद्यापीठे आहेत. शेतकऱ्याच्या मुलीला माती, बियाणे, कीड यांची ओळख घरूनच असते, तिथे तिला कुणी नवखी म्हणणार नाही.

खर्चाचे म्हणाल, तर २०२४ साली राज्य सरकारने एक निर्णय केला. वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, मागास आणि इतर मागास अशा घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ झाले. प्रवेश मात्र सरकारी प्रवेशप्रक्रियेतून झालेला हवा. एस.टी.चा मोफत पास मुलींना बारावीपर्यंत आहे. पण पास असून गाडी कॉलेजच्या वेळेला येत नसेल, तर चार गावच्या पालकांनी मिळून आगारप्रमुखांना अर्ज द्यावा. एकट्या बापाचा अर्ज टेबलावर पडून राहतो, चार गावांचा राहत नाही.

आणि कागदांचे. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, लागू असेल तिथे जातीचा दाखला आणि पडताळणी, हे सारे प्रवेशाच्या वेळी लागते. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो, तेव्हा एप्रिल उजाडताच नव्याचा अर्ज करा. जूनमध्ये तहसील कचेरीत रांग लागते, पेरणीची घाई असते, आणि 'दाखला मिळाला नाही, राहू दे या वर्षी' असे म्हणून पोरीचे वर्ष जाते. जात पडताळणीला तर महिने लागतात. तो अर्ज ती अकरावीत असतानाच कॉलेजातून पुढे पाठवावा.