उभी गाडी, उतरती बॅटरी

थंडीआधी मेंटेनन्स चार्जर लावताना

• मुदखेड-नांदेडकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा १०–१३ अंशांपर्यंत उतरतो. एवढ्यात बॅटरी गोठत नाही. पण इंजिन ऑइल घट्ट होतं, बॅटरीचा जोरही घटतो. खरी झीज झालेली असते एप्रिल-मेच्या चाळिशीपार उन्हात. डिसेंबरात ती फक्त उघडी पडते.

• १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी म्हणजे ६ सेल. गाडी काही तास बंद ठेवून मल्टिमीटर लावावा. १२.६ किंवा वर: पूर्ण चार्ज. १२.२ च्या आसपास: निम्मी. १२ च्या खाली: लगेच चार्जिंग.

• स्वतः बंद न होणारा साधा चार्जर बॅटरी भरल्यावरही करंट ढकलत राहतो; आतलं पाणी उडतं. मेंटेनन्स चार्जर १३.२–१३.८ व्होल्टच्या आसपास स्थिरावतो, रोजची गळती तेवढी भरून काढतो.

• जोडणी: आधी चार्जरचा स्वीच बंद. लाल चिमटा अधिक (+) टर्मिनलला. काळा चिमटा बॅटरीपासून दूर, इंजिनच्या उघड्या धातूवर. मग स्वीच चालू. काढताना उलटा क्रम. चार्जिंगमध्ये हायड्रोजन सुटतो. जागा मोकळी हवी, विडी-काडी लांब.

• लाइट जाऊन आली की काही चार्जर आपोआप सुरू होतात, काहींचं बटण पुन्हा दाबावं लागतं. गाडी महिनाभर उभी करून पुण्याला जाणाऱ्यांनी हे आधीच तपासलेलं बरं.

• झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं पाणी नाही, कितीही स्वच्छ दिसलं तरी.