जुन्या भिंतींचं देणं

मुंबईच्या फोर्ट भागात पेरीन नरिमन रस्त्यावर इराणी धाटणीचा एक छोटासा मनोरा उभा आहे. बोमनजी होर्मर्जी वाडिया या दानशूर पारशी गृहस्थांच्या स्मरणार्थ १८८२ साली तो बांधला गेला, तोही लोकवर्गणीतून. वर घड्याळ, खाली पाणपोई. राजाबाई टॉवरचं भाग्य काही त्याला लाभलं नाही. त्याच्या जवळून रोज जाणाऱ्यांनाही त्याचं नाव सांगता येत नाही. पण २०१७ साली युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांमध्ये या मनोऱ्याच्या जीर्णोद्धाराची दखल घेतली गेली. हे काम वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली काळा घोडा असोसिएशनने करवून घेतलं.

ही संस्था आपल्याला माहीत आहे ती हिवाळ्यातल्या कला महोत्सवामुळे. नाच-गाणी, पुस्तकं, रस्त्यावरची गर्दी. पण १९९८ साली ती स्थापन झाली ती या परिसराच्या वास्तूंसाठी, आणि लगेच पुढच्या वर्षी सुरू झालेला महोत्सव हे त्यासाठी निधी उभा करण्याचं साधन. त्याआधी १९९५ साली मुंबईत वारसा नियमावली लागू झाली होती. असं करणारं हे देशातलं पहिलं शहर. यादीत आलेल्या वास्तूला परवानगीशिवाय हात लावता येत नाही, हे त्या नियमावलीमुळे ठरलं. मात्र गळणारं छप्पर कोणी आणि कोणाच्या पैशाने दुरुस्त करायचं, याचं उत्तर यादीत नव्हतं. धर्मादाय संस्थांचं काम तिथून सुरू होतं.

आणि ते काम रंगरंगोटीचं नाही. या जुन्या वास्तूंच्या भिंती चुन्यात बांधलेल्या आहेत. पावसाळ्यात भिंत पाणी पिते आणि नंतर ते हळूहळू चुन्याच्या सांध्यांतून बाहेर टाकते. कोणीतरी घाईने त्या सांध्यांत सिमेंट भरतो. सिमेंट पक्कं, त्यातून ओल सुटत नाही. मग ती दगडातून वाट काढते, येताना क्षार घेऊन येते आणि ते क्षार दगडाच्या पृष्ठभागाखाली साठून त्याचे पापुद्रे सोडवतात. वरून दुरुस्त दिसणारी भिंत आतून झिजत राहते. म्हणून जाणते गवंडी आधी ते सिमेंट छिन्नीने जपून उकरतात आणि चुना, वाळू, विटांची सुरखी यांचं मिश्रण मुरवून पुन्हा भरतात. चुन्याला घट्ट व्हायला वेळ लागतो, तोवर त्याला ओलं ठेवावं लागतं. हे काम जाणणारे हात आता फार थोडे उरले आहेत, आणि माझ्या मते अशा प्रत्येक जीर्णोद्धाराची सर्वांत मोठी कमाई म्हणजे त्या कामावर तयार होणारे नवे कारागीर.

काळा घोडा चौकाजवळचं डेव्हिड ससून ग्रंथालय मालाडच्या पिवळसर दगडातलं, १८७० सालचं. मधल्या काळात त्याचं उतरतं छप्पर जाऊन काँक्रीटची स्लॅब आली आणि गळती मागे लागली. अलीकडच्या जीर्णोद्धारात ती स्लॅब काढून पुन्हा उतरतं छप्पर चढवलं गेलं. मुंबईच्या पावसात पाणी थांबू न देणारं छप्पर हवं, हे जुन्या बांधणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. जवळच १८८४ सालचं निळं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग आहे. तिथे काळा घोडा असोसिएशनसोबत वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड आणि जेएसडब्ल्यू फाउंडेशनही आले, आणि २०१९ साली ते पुन्हा खुलं झालं.

ग्रंथालय, सिनेगॉग, पाणपोई यांत एक गोष्ट समान आहे: तिथे भाडेकरू राहत नाहीत. जवळच्या एस्प्लनेड मॅन्शनकडे पाहिलं की हा फरक कळतो. इंग्लंडमध्ये ओतलेले बिडाचे खांब आणि तुळया जहाजाने आणून १८६०च्या दशकात उभं केलेलं हे वॉटसन्स हॉटेल. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चित्रपटांचा मुंबईतला पहिला खेळ इथेच झाला. पुढे हॉटेल गेलं, खोल्यांचे गाळे आणि कचेऱ्या झाल्या. मुंबईतली प्रमाण भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. मालकाला त्या भाड्यात बिडाचा एक खांबही दुरुस्त करणं परवडणार नव्हतं, आणि भाडेकरूला दुसऱ्याच्या मालमत्तेवर खर्च करण्यात अर्थ दिसत नव्हता. २०१९ मध्ये धोकादायक ठरवून इमारत रिकामी करण्यात आली. पुढे ती पाडावी की वाचवावी, हा वाद न्यायालयात गेला.

इथे एकट्या धर्मादाय संस्थेचा इलाज चालत नाही. खासगी मालकीच्या इमारतीवर दानाचा पैसा घालायचा तर मालक, भाडेकरू, राज्याचं गृहनिर्माण प्राधिकरण म्हाडा आणि महापालिका यांना एका कागदावर सह्या कराव्या लागतात. असं होऊ शकतं याचा पुरावा भायखळ्यात आहे: २००३ साली महापालिका, वारसा जतन करणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी त्रिपक्षीय करार केला, म्हणून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आज जीर्णोद्धार होऊन उभं आहे. तिथे मालक एकच होता, महापालिका. फोर्टमधल्या भाडेकरूंच्या इमारतींसाठी असा करार करायचा, तर त्यात दुरुस्तीनंतर भाडं किती वाढेल आणि जुना रहिवासी आपल्याच खोलीत परत येईल का, हे आधी लिहून ठेवावं लागेल.