हवेने अडवलेली गव्हाण

मागील हंगामात जानेवारीतल्या एका पहाटे आपल्या यार्डातल्या कर्ण्यावरून पुकारा झाला : "हवेचे प्रेशर नसल्याने गव्हाण बंद आहे. गाडीवानांनी बैल सोडावेत." थंडी तर निफाड भागातली, म्हणजे हाडात शिरणारी. शेकोटीभोवती बसलेल्या मंडळींत हशा पिकला. "इथं एवढा वारा सुटलाय, आणि कारखान्याला हवा मिळंना व्हय?" पुढे वार्षिक सर्वसाधारण सभेत दिंडोरीकडच्या एका सभासदांनी हाच प्रश्न गंभीरपणे विचारला. कंप्रेसर आणि ड्रायरच्या खर्चावर बोट ठेवून ते म्हणाले, "हवा काय आपण विकत आणतो का?" व्यासपीठावरून उत्तर दिले गेले, पण ते इंजिनिअरच्या भाषेत होते आणि जेवणाची वेळ झाली होती. म्हणून हा लेख.

उत्तर एका शब्दात द्यायचे तर, होय. हवा फुकट, पण दाबलेली हवा विकतची, आणि ती चांगलीच महाग.

दाबलेली हवा आपल्याला नवी नाही. लोहाराचा भाता, सायकलचा पंप, थांब्यावर एस.टी. उभी राहताना येणारा फुस्स आवाज, सगळा तिचाच कारभार. कारखान्यात कंप्रेसर बाहेरची आठ घनमीटर हवा घेऊन ती एका घनमीटरच्या जागेत कोंबतो. मग दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सात किलोचा दाब तयार होतो. ही हवा टाकीत साठते, नळांतून कारखानाभर फिरते आणि शेवटी सिलिंडरमध्ये जाऊन दट्ट्या ढकलते. दहा सेंटिमीटर व्यासाचा सिलिंडर घ्या. त्याच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटिमीटर. सहा किलोचा दाब दिला तर 470 किलोचा रेटा मिळतो, म्हणजे पावणेपाच क्विंटल. दुधाच्या बरणीएवढी वस्तू हे काम करते, आणि तेही एका सेकंदात.

मोटार बसवून हे काम होणार नाही का? होईल, पण बॉयलिंग हाऊसमध्ये एकदा उभे राहून पाहा. वाफ, पाक, चिकटा, गरमी. मोटार अडकली तर जळते. हवेचा सिलिंडर अडकला तर नुसता रेटा देत उभा राहतो, अडथळा काढला की पुढे सरकतो. तेलावर चालणारी यंत्रणा जोरात हवेपेक्षा सरस आहे, मिलच्या वरच्या रोलवर दाब देण्यासाठी आपण तीच वापरतो. पण साखरेजवळ तेल गळले तर पोती बाद. हवा गळली तर साखरेला काही होत नाही, फक्त पैसे जातात. ते कसे, ते पुढे येईलच.

हवेचे खरे राज्य पाहायचे तर सेंट्रिफ्यूगलवर जावे. पॅनमधून उतरलेले मॅसेक्विट, म्हणजे मळीत घोळलेले साखरेचे दाणे, जाळीच्या पाटीत घेऊन ती गरगर फिरवायची. मळी जाळीतून बाहेर उडते, साखर आत चिकटून राहते. मशीन हळू फिरत असताना हवेच्या सिलिंडरने झडप उघडते, दीड टनाच्या आसपास माल आत येतो, झडप मिटते. मग मिनिटाला हजाराच्या वर फेरे. पाण्याचा फवारा येतो, तीही झडप हवेचीच. नंतर वेग उतरतो, खालचे दार उघडते आणि एक फाळ आत शिरून साखर खरवडतो. त्याला प्लाऊ म्हणतात, म्हणजे आपला नांगरच. तासाला वीस वेळा हा खेळ धरला तर दिवसाला 480, आणि 150 दिवसांच्या हंगामात एका सिलिंडरचे 72 हजार हेलपाटे. कुठल्याही बैलाने एवढी पाळी घातली नसेल.

हुकूम देणारा असतो पीएलसी, म्हणजे पॅनेलमधला छोटा संगणक. पण त्याच्या अंगात ताकद नाही, तो फक्त 24 व्होल्टचा इशारा देतो. तो इशारा सोलेनॉइड व्हॉल्व्हला मिळतो. द्राक्षबागायतदारांना हा व्हॉल्व्ह ठाऊक आहे, कारण ठिबकच्या ऑटोमेशनवर त्याचाच भाऊ बसलेला असतो. तिथे चिमुकली कॉइल थोड्याशा पाण्याला वाट करून देते आणि लाइनीतल्या पाण्याचाच दाब मोठा पडदा उचलतो. इथेही युक्ती तीच. कॉइल थोडी हवा सोडते, ती हवा आतला दांडा सरकवते, आणि मोठी हवा सिलिंडरच्या एका बाजूला जाऊन दुसऱ्या बाजूची बाहेर पडते. तोच तो फुस्स. सिलिंडर पोचला की नाही हे त्यावरचा चुंबकी स्विच पीएलसीला कळवतो. नांगर बाहेर आल्याची खूण मिळाल्याशिवाय पाटी वेग घेत नाही. हजार फेऱ्यांत नांगर आत गेला तर काय होईल ते लिहिण्याची गरज नाही.

दुसऱ्या जातीच्या झडपा नुसत्या उघड-मीट करणाऱ्या नसतात, त्या मापात उघडतात. वाफ, रस, बॉयलरचे पाणी यांवर त्या असतात. वर पडदा आणि स्प्रिंग, पडद्यावर 0.2 पासून 1 किलोपर्यंत हवा. दाब जेवढा, तेवढी झडप सरकते. यातली स्प्रिंग महत्त्वाची. हवा गेली तर झडप कुठल्या बाजूला जावी हे ती ठरवते : बॉयलरच्या पाण्याची सहसा उघडी राहावी, पॅनच्या वाफेची मिटावी. ही अक्कल रेल्वेने शिकवली. जॉर्ज वेस्टिंगहाऊसने 1869 मध्ये अमेरिकेत हवेचा ब्रेक आणला, पण नळी तुटली की ब्रेकच नाही अशी त्याची गत होती. 1872 मध्ये त्याने ते उलटे केले : हवा गेली की ब्रेक लागलाच पाहिजे. कसाऱ्याच्या घाटातून प्रवास करणाऱ्याला याचे मोल सांगायला नको.

आता त्या पहाटेकडे येऊ. गुन्हेगार हवा नव्हती, पाणी होते. हवेत बाष्प असतेच. हवा दाबून थंड केली की ते पिळून निघते, ओला पंचा पिळावा तसे. मिनिटाला पाच घनमीटर हवा ओढणारा कंप्रेसर धरा. हवा 25 अंशांची आणि दमटपणा 60 टक्के असेल, तर दिवसाकाठी 75 लिटरच्या आसपास पाणी सुटते. पंधरा लिटरच्या पाच घागरी! ते काढण्यासाठी कूलर, टाकीखालचा ड्रेन आणि ड्रायर असतो. आपल्याकडे झाले असे, की आपोआप उघडणारा ड्रेन गंजाच्या चिखलाने चोंदला, आणि हाताने उघडायचा कॉक दोन पाळ्या कुणी उघडला नाही. टाकी भरत गेली, पाणी ड्रायरला आवरेना. उघड्यावरून जाणारा मुख्य नळ पहाटे गार पडला तेव्हा उरलेले बाष्पही नळातच पाणी झाले. गंजके पाणी सेंट्रिफ्यूगलच्या व्हॉल्व्हमध्ये शिरले, फिल्टर तुंबले, दाब सहावरून चारच्या खाली आला आणि सुरक्षेच्या स्विचने मशीने थांबवली.

पुढची साखळी सभासदांनी ध्यानात घ्यावी. सेंट्रिफ्यूगल थांबले म्हणून पॅन खाली होईना. पॅन भरलेला म्हणून सिरपच्या टाक्या भरल्या. सिरपला जागा नाही म्हणून रस घेता येईना. रस नको म्हणून मिल बंद, आणि मिल बंद म्हणून गव्हाण बंद. साडेतीन तास! तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते, उतारा उतरतो. थंडीत कुडकुडलेले ऊसतोड कुटुंब आणि बैल यांचा हिशेब तर कुठल्याच वहीत येत नाही. चूक आपल्याच घरातली होती, हे आम्ही इथे छापून टाकतो.

त्यानंतर दुरुस्त्या झाल्या. नळांना पाण्याच्या चारीसारखा उतार दिला, शंभर फुटांना एक फूट. खाली पडणारा प्रत्येक फाटा आता मुख्य नळाच्या वरच्या अंगाने वळवून काढला आहे, म्हणजे तळाचे पाणी मशीनकडे न जाता शेवटच्या कॉककडे जाते. प्रत्येक मशीनपाशी फिल्टर आणि रेग्युलेटर बदलले.

गळती मात्र अजून पुरती हटलेली नाही. तीन मिलिमीटरचे एक भोक सात किलोच्या दाबाला इतकी हवा सोडते की ती भरून काढायला कंप्रेसरला तासाला साडेतीन युनिटच्या आसपास वीज लागते. हंगामभर धरा, 12 हजार युनिटच्या वर जाते. सहवीज प्रकल्प असलेल्या कारखान्यात हीच वीज विकता येते. गळती मोजण्याची रीत सोपी आहे. सगळी मशीने बंद ठेवून एकटा कंप्रेसर चालू करायचा. समजा तो 2 मिनिटे भरतो आणि 3 मिनिटे विसावतो, तर पाचातले दोन हिस्से नुसते गळतात. भोक मग साबणाच्या पाण्याने सापडते. रात्री मिल थांबली असता कानानेही सापडते, आणि आपल्या जुन्या फिटरचे कान यात कुठल्याही यंत्राला हार जात नाहीत.

एक गोष्ट कामगार बंधूंसाठी. वीज गेली की मोटार थांबते, पण हवा टाकीत आणि नळात दबा धरून बसलेली असते. काही वर्षांपूर्वी आमच्या डोळ्यांदेखत मेन स्विच काढून काम करणाऱ्या फिटरची बोटे थोडक्यात वाचली, खालचे दार आपण होऊन मिटले होते. आधी हवेचा कॉक बंद, मग उरलेली हवा सोडणे, गेज शून्य पाहणे, आपले कुलूप लावणे, आणि त्यानंतरच हात आत. हवेच्या नळीने अंगावरची धूळ उडवू नये, डोळा जातो. साखर गोदामात तर नळी लावूच नये. हवेत उडालेली साखरेची धूळ दारूगोळ्यासारखी पेटते. 2008 साली अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या साखर रिफायनरीत असाच धुळीचा स्फोट होऊन 14 माणसे दगावली.

सभेनंतर दिंडोरीकडच्या त्या सभासदांना आम्ही कंप्रेसर खोलीत नेले. तिथे आता ड्रेनची वही टांगली आहे, दर दोन तासांनी सही. त्यांनी चष्मा लावून वही चाळली, मग म्हणाले, "सह्या तर काय, एकदम बसूनबी करता येत्यात." फिटरने काही न बोलता कॉक त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो जरा जोरातच फिरवला. फुस्स करून पाणी आले ते थेट त्यांच्या चपलांवर. बादलीत मोजले तर लिटरभर भरले. धोतर झटकत ते म्हणाले, "ड्रायरच्या खर्चाचं राहू द्या. पर ह्यो चोंदणारा ड्रेन बदलला का नाही, ते सांगा." बदलला आहे. जुना ड्रेन खोलीतल्या खिडकीत ठेवला आहे, ज्यांना पाहायचा त्यांनी यावे.