घोडा पळतो, मग पदक माणसाला का?

ऑलिंपिक किंवा आशियाई स्पर्धा आल्या की हा प्रश्न हमखास ऐकू येतो. धावतो घोडा, उड्या मारतो घोडा, वर बसलेल्याला कसलं आलंय कौतुक? २०१८ साली जकार्त्यात बंगळुरूच्या फवाद मिर्झाने ईव्हेंटिंगमध्ये वैयक्तिक रौप्यपदक मिळवलं. घोडेस्वारीत १९८२ नंतर भारताच्या वाट्याला आलेलं ते पहिलं वैयक्तिक पदक. तेव्हाही कौतुकाच्या जोडीला हा शेरा होताच. विचारणारे बहुतेक जण हसत विचारतात. पण ज्या कामात माणसाची उमेदीची सगळी वर्षं जातात, ते हसण्यावारी नेलं की राग येतो.

ईव्हेंटिंगमध्ये एकाच जोडीला तीन परीक्षा द्याव्या लागतात. आधी ड्रेसाज, म्हणजे आखलेल्या मैदानात ठरलेल्या हालचाली शांतपणे, नेमकेपणाने करून दाखवणं. मग क्रॉस कंट्री, म्हणजे मोकळ्या वाटेवरचे अडथळे, आणि शेवटी शो जंपिंग, म्हणजे मैदानातल्या उड्या. तिन्हींचे दंडगुण एकत्र मोजतात. ज्याचे कमी, तो पुढे.

आता ‘सगळं घोडाच करतो’ हे तपासू. जर्मनीच्या मिखाएल युंगने २०१२ला लंडनमध्ये आणि २०१६ला रिओत ‘सॅम’वर वैयक्तिक सुवर्ण जिंकलं. २०२४ला पॅरिसमध्ये तिसरं जिंकलं, ते ‘चिपमंक’वर. या खेळात तीन वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णं दुसऱ्या कुणाकडेही नाहीत. मधल्या काळात त्याने ‘हालुंके’ आणि ‘ताकिनो’वर युरोपीय विजेतेपदं आणि ‘रोकाना’वर अमेरिकेतली केंटकीची स्पर्धा जिंकली. घोडे पाच, स्वार एकच. सगळं घोडाच करत असेल, तर पाचही उत्तम घोडे नेमके याच माणसाच्या मांडीखाली कसे आले?

दुसरा पुरावा याहून बोलका आहे. चिपमंक २०१९पर्यंत युंगकडे नव्हता, त्याच्याच देशाच्या युलिया क्रायेव्स्कीकडे होता. तिने घडवलेला, जागतिक स्पर्धेत उतरवलेला घोडा तिच्या हातून गेला आणि प्रतिस्पर्ध्याला मिळाला. पुढे २०२१ला टोकियो ऑलिंपिकमध्ये काय झालं? चिपमंकवर बसलेला युंग आठवा आला. क्रायेव्स्की ‘मॅंडी’ या घोडीवर सुवर्ण जिंकून गेली. ईव्हेंटिंगचं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली स्त्री. तीन वर्षांनी तोच चिपमंक पॅरिसमध्ये अव्वल ठरला. घोडा चांगलाच लागतो, यात वाद नाही. पण एकट्या घोड्यावर निकाल ठरत नाही, हे यातून पुरेसं दिसतं.

स्वार नेमकं काय करतो, ते क्रॉस कंट्रीत दिसतं. ऑलिंपिकला साधारण पाच किलोमीटरची वाट, मिनिटाला ५७० मीटरचा वेग आणि सहजासहजी न पडणारे अडथळे: ओंडके, चर, पाण्यात उतरणाऱ्या उड्या. ही वाट घोड्याने आधी पाहिलेली नसते. दाखवायला परवानगीच नाही. स्वार ती पायी चालतो, पुन्हा पुन्हा चालतो. दोन अडथळ्यांमधलं अंतर पावलांनी मोजतो. घोड्याची एक झेप साधारण साडेतीन मीटरची. म्हणजे या दोन उड्यांत तीन लांब झेपा घ्यायच्या की चार आखूड, हे आधीच ठरवावं लागतं. भरधाव येताना मांड, पाय आणि लगाम यांतून ते घोड्याला कळवायचं असतं, तेही उडीच्या बऱ्याच आधी. घोडा अडला तर २० दंडगुण. ठरलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला तर दर सेकंदाला ०.४. स्वार पडला तर खेळ खलास. टोकियोत युंग एका अडथळ्यामुळे क्रमवारीत घसरला, तो पडून नव्हे. घोडा जोरात आदळून कोलांटी खाऊ नये म्हणून काही अडथळे धक्क्याने मोकळे होतील असे बांधतात. त्यातला एक त्याच्या धक्क्याने सुटला आणि ११ दंडगुण लागले.

शिवाय घोड्याचं खेळण्याचं वय मर्यादित असतं. रिओत सॅम १६ वर्षांचा होता. या पातळीवरच्या स्वाराला म्हणूनच कारकिर्दीत पुन्हा पुन्हा नवा घोडा घडवावा लागतो आणि तो बरेचदा दुसऱ्याच्या मालकीचा असतो. मालकाने मन बदललं तर वर्षांची मेहनत पागेतून निघून जाते.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. महालक्ष्मीच्या रेसमधला जॉकी आणि हा स्वार सारखेच? जॉकीचं वजन कमीत कमी हवं. ईव्हेंटिंगमध्ये मात्र एके काळी उलट नियम होता, खोगिरासकट किमान ७५ किलो. बायकांचा गट वेगळा असतो? नाही. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकपासून स्त्रिया याच स्पर्धेत पुरुषांबरोबर उतरतात. तिशी उलटली की संपलं? ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू हॉयने २०२१ला टोकियोत वयाच्या ६२व्या वर्षी वैयक्तिक कांस्य जिंकलं. श्रीमंतांचा आरामशीर खेळ? खर्चिक आहे, हे खरं. आरामशीर म्हणणाऱ्यांनी ब्रिटनच्या लॉरा कोलेटबद्दल वाचावं. २०१३ला घोडा अंगावर पडून ती काही दिवस कोमात होती, उजव्या डोळ्याची दृष्टी गेली; त्यानंतर तिने टोकियो आणि पॅरिसमध्ये सांघिक सुवर्ण मिळवलं.

घोड्याला मारून पळवतात, हाही आरोप होतो. चाबकाच्या वापरावर नियमांची मर्यादा आहे आणि स्पर्धेआधी व शो जंपिंगपूर्वी पशुवैद्यकांसमोर घोडा दुडक्या चालीने चालवून दाखवावा लागतो. लंगडला तर बाहेर. तरी धोका संपलेला नाही. टोकियोत स्वित्झर्लंडच्या ‘जेट सेट’ला क्रॉस कंट्रीत दुखापत झाली आणि त्याला दयामरण द्यावं लागलं. या खेळावर टीका करायची असेल तर इथे करावी, मुद्दा रास्त आहे.

पुढच्या वेळी ईव्हेंटिंग बघाल तेव्हा उडीवर खिळलेली नजर जरा मागे घ्या आणि उडीच्या आधीच्या चार झेपा बघा. स्वाराचं काम तिथे दिसतं.